केंद्रक की गुच्छ? यूसीडी प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

विषय आज नक्की झाला: दीर्घिकासमूहांत सापडणाऱ्या अतिसंहत बटू दीर्घिका मुळात आल्या कुठून? नाव तोंडात मावत नाही, म्हणून इथून पुढे या क्षेत्रातले सगळे म्हणतात तसं, यूसीडी (अल्ट्रा-कॉम्पॅक्ट ड्वार्फ).

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत अट घातली. म्हणाल्या, "नवीन शोध लावायच्या मागे लागू नकोस. माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, तीच घे. पण दुसऱ्याने छापलेला आकडा वापरायच्या आधी एकदा तरी वहीत स्वतः काढून बघ." ही वही त्यासाठीच.

यूसीडी म्हणजे ताऱ्यांचा गच्च गोळा. ज्या त्रिज्येच्या आत त्याचा अर्धा प्रकाश मावतो ती साधारण १० ते १०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं). वस्तुमान वीसेक लाख सूर्यांपासून दहा कोटी सूर्यांच्या थोडं पुढेपर्यंत. गोलाकार तारकागुच्छापेक्षा, म्हणजे दीर्घिकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जुन्या गोल पुंजक्यापेक्षा, थोराड, पण नेहमीच्या बटू दीर्घिकेपुढे अगदीच चिमुकला.

प्रश्न असा आहे. हा गोळा एके काळी एखाद्या दीर्घिकेचं केंद्रक, म्हणजे मधला दाट गाभा, होता आणि भोवतीची दीर्घिका झडून गेली का? की तो जन्मापासूनच तारकागुच्छ आहे, फक्त भावंडांपेक्षा अंगाने मोठा? जूनपर्यंत एका बाजूने कौल द्यायचा, असं मनाशी ठरवलंय.

१३ जानेवारी

दिवसभर आयुकाच्या, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या, ग्रंथालयात. शोधाची हकीकत वाचताना जेवायचं राहून गेलं.

फोर्नॅक्स म्हणजे भट्टी, दक्षिण आकाशातला तारकासमूह. त्या दिशेला साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिकासमूह आहे आणि त्याच्या मधोमध एनजीसी १३९९ ही मोठी दीर्घिका. १९९९ मध्ये मायकल हिल्कर आणि सहकाऱ्यांनी तिथे अशा दोन विचित्र वस्तू नोंदवल्या. पुढच्याच वर्षी मायकल ड्रिंकवॉटर यांच्या गटाने, त्या दोन धरून, पाच दाखवल्या. त्यांनी वापरली ती ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंगची ३.९ मीटरची दुर्बीण आणि तिच्यावरचं टूडीएफ उपकरण: आकाशाचा दोन अंश रुंदीचा तुकडा, आणि ४०० प्रकाशतंतूंनी एका दमात ४०० वर्णपट.

पण माझ्या मते यश उपकरणाइतकंच एका निर्णयाचं आहे. त्यांनी आकारावरून आधी चाळणी लावली नाही. जे ठिपके चक्क ताऱ्यांसारखे दिसत होते त्यांचेही वर्णपट घेतले. बहुतेक ठिपके खरंच आपल्याच आकाशगंगेतले तारे निघाले. पाच मात्र सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने दूर जात होते, म्हणजे ते थेट त्या समूहातले. अनेक दशकं फोटोंमध्ये ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, फक्त "तारा" म्हणून बाजूला टाकलेले.

२१ जानेवारी

माझी पहिली मोठी चूक लिहून ठेवते.

कन्या समूहातल्या एम ८७ या दीर्घिकेभोवतीची एक सार्वजनिक यादी उतरवून साफ केली. सवयीने पहिलीच ओळ अशी लिहिली होती: ज्याचा प्रकार "तारा" असेल ते काढून टाक. आज आधीच माहीत असलेल्या यूसीडींशी यादी जुळवून पाहिली, तर त्यातल्या बहुतेक सापडेचनात. दोन तास अक्षांश-रेखांशांचं गणित तपासत बसले, गणित बरोबर होतं. मग ती पहिली ओळ दिसली.

आठवड्यापूर्वीच ती गोष्ट वाचून मी भारावले होते आणि तीच चाळणी माझ्या हाताने लावली. ओळ काढून टाकली. आता यादी अवाढव्य झाली आहे. चालेल.

ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांची मदत होईल. आपल्या आकाशगंगेतला तारा वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकतो, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची वस्तू सरकत नाही. शिवाय गोळा किंचित पसरट असल्याने गायाच्या मापांत एक बारीकशी विसंगती राहते. सेंटॉरस ए या दीर्घिकेभोवती २०२० मध्ये याच खुणेवरून शेकडो नवे उमेदवार वेचले गेले.

८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा यूसीडी "बघितली".

हबल अवकाश दुर्बिणीच्या संग्रहातून कन्या समूहातल्या एम ६० या दीर्घिकेचं चित्र घेतलं. त्यात एम ६०-यूसीडी१ आहे. तिची अर्ध-प्रकाश त्रिज्या २४ पार्सेक, अंतर १.६५ कोटी पार्सेक. भागाकार करून विकलांत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणलं तर ०.३ विकला येते. जमिनीवरून चांगल्या जागीही वातावरणामुळे तारा पाऊण-एक विकला फुगतो, मग हा गोळा त्यात बुडणारच. हबलच्या त्या कॅमेऱ्याचं एक घर (पिक्सेल) ०.०५ विकलेचं, म्हणजे सहा घरं. सहा घरं पुष्कळ झाली.

शेजारी एक साधा तारा निवडला, त्याचा प्रकाश मध्यापासून बाहेर कसा उतरतो ते मोजलं आणि तोच साचा दोघांवर ठेवून वजा केला. तारा पुसला गेला, मागे नुसती करड्या रंगाची खरखर उरली. यूसीडीच्या जागी मात्र एक उजळ कडं राहिलं, पाटावर ओला पेला ठेवून उचलल्यावर उमटतं तसं. मी तीनदा पुन्हा केलं. कडं तिन्ही वेळा आलं.

मग घनता काढली. एकूण वस्तुमान सुमारे १४ कोटी सूर्य. त्यातलं अर्धं २४ पार्सेक त्रिज्येच्या गोलात धरलं तर दर घन पार्सेकला जवळपास १२०० सूर्य येतात. आपल्या सूर्याच्या आसपास हा आकडा ०.१ च्या घरात आहे, म्हणजे तिथे दहा हजार पटीहून जास्त दाटी. तिथल्या एखाद्या ग्रहावरून नुसत्या डोळ्यांना दहा लाख तारे दिसतील असा अंदाज मांडला गेला आहे. आपल्याला अगदी काळोख्या रात्रीही चारेक हजार.

२३ फेब्रुवारी

रंगावरून निवाडा होईल अशी आशा होती. फसली.

मोठ्या दीर्घिकांभोवतीचे गोलाकार गुच्छ रंगानुसार दोन ढिगांत पडतात: निळसर, म्हणजे जड मूलद्रव्यं कमी असलेले, आणि तांबूस, म्हणजे जास्त असलेले. एम ८७ भोवती असे बारा हजारांहून जास्त गुच्छ आहेत. मला वाटलं होतं, यूसीडी या ढिगांपासून अलग पडतील. पडत नाहीत. त्यावर बटू दीर्घिकांच्या केंद्रकांचे रंग मांडले, तर तेही त्याच पट्ट्यात. माझ्या आलेखात तिन्ही रंगांचे ठिपके एकमेकांवर बसलेत.

मॅडम आलेखाकडे बघून म्हणाल्या, "हा आलेख टाकून देऊ नकोस. प्रबंधात घालायचा. रंग पुरेसा नाही, हेही कळायला लागतं."

एक धागा मात्र उरतो. दीर्घिका जितकी मोठी तितकी तिच्यात जड मूलद्रव्यं जास्त. यूसीडीत आजच्या वस्तुमानाला न शोभणारी समृद्धी असेल, तर ती कधीतरी मोठ्या घरातली होती, असा संशय घेता येतो. एम ६०-यूसीडी१ मध्ये जड मूलद्रव्यांचं प्रमाण जवळपास सूर्याइतकं आहे. संशयाला पुरेसं, सिद्धतेला नाही.

२ मार्च

सर्दी-ताप. फक्त वाचन. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठातल्या पदवीच्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या सार्वजनिक संग्रहांतून एम ५९-यूसीडी३ आणि एम ८५-एचसीसी१ शोधून काढल्या. दोन्ही त्या वेळच्या सर्वांत घन वस्तूंमध्ये गणल्या गेल्या. हे वाचून ताप उतरल्यासारखं वाटलं.

२० मार्च

युक्लिड या अवकाश दुर्बिणीची पहिली मोठी माहिती काल खुली झाली. यादीत "फोर्नॅक्स" दिसलं आणि वर्गातून धावत लॅबमध्ये आले. सहनिर्देशक पाहिले तर ते युक्लिडचं खोल निरीक्षणाचं क्षेत्र. नाव त्याच तारकासमूहावरून, पण आपला दीर्घिकासमूह तिथून सात-एक अंश दक्षिणेला. लॅबमधल्या पार्टनरला लगेच सांगितलं, कारण तिनेही माहिती उतरवायला लावली होती.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली. दुपारी श्रीखंडाने डोळे मिटायला लागले तरी हे गणित पुरं केलं, कारण दोन दिवस ते डोक्यात घोळत होतं.

केंद्रक उरतं आणि बाकीची दीर्घिका झडते, हे इतक्या स्वच्छपणे कसं होईल? केंजी बेक्की, वॉरिक काउच आणि ड्रिंकवॉटर यांनी २००१ मध्ये जी प्रक्रिया सुचवली तिला इंग्रजीत मळणीचाच शब्द आहे. खळ्यावर कणसं मळली की भूस वाऱ्यावर जातो आणि दाणा खाली राहतो. मोठ्या दीर्घिकेजवळून जाताना लहान दीर्घिकेची जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची कमी. भरती-ओहोटीचं हेच बल. एका ठरावीक त्रिज्येच्या बाहेरचे तारे लहान दीर्घिकेला धरून ठेवता येत नाहीत.

एम ८७ भोवती वर्तुळाकार वेग सेकंदाला ५०० किमी धरला. मग १० किलोपार्सेकच्या (दहा हजार पार्सेकच्या) आत सुमारे ५.८ × १०^११ सूर्यांचं वस्तुमान येतं. आता १०^९ सूर्यांची बटू दीर्घिका:

५० किलोपार्सेकवर तिची धरून ठेवण्याची हद्द सुमारे २४०० पार्सेक. बहुतेक सगळी दीर्घिका आत, सुरक्षित.

१० किलोपार्सेकवर हीच हद्द ८३० पार्सेक. बाहेरचा घेर गेला. वस्तुमान घटलं की हद्द अजून आक्रसते, पुढच्या फेरीत आणखी जातं.

आणि नुसतं १०^७ सूर्यांचं केंद्रक? त्याच १० किलोपार्सेकवर त्याची हद्द १८० पार्सेक, त्याची स्वतःची त्रिज्या फार तर २० पार्सेक. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

तीन ओळींच्या भागाकारात भूस आणि दाणा वेगळे झाले. मी वही बंद करून बराच वेळ गच्चीत उभी होते.

१२ एप्रिल

आज विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार. गुच्छ इतके जड जन्मालाच येत नाहीत असं वाटत असेल, तर कुंभ तारकासमूहातली एनजीसी ७२५२ बघावी. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळून झालेली ही दीर्घिका. तिच्यात डब्ल्यू३ नावाचा गुच्छ आहे. २००४ च्या मोजणीनुसार तारे सेकंदाला सुमारे ४५ किमीच्या फरकाने इकडेतिकडे पळताहेत, आणि त्यावरून वस्तुमान निघतं ८ कोटी सूर्य. वय अवघं ३० ते ५० कोटी वर्षं. कुणी सोलून काढलेला नाही, इथेच जन्मलेला. काही अब्ज वर्षांनी हाच गुच्छ एखाद्या समूहात दिसला तर त्याला आपण बिनदिक्कत यूसीडी म्हणू.

मिखाएल फेलहाउअर आणि पावेल क्रूपा यांनी २००२ मध्येच हिशेब मांडला होता की, अशा टकरीत जवळजवळ जन्मलेले अनेक गुच्छ एकत्र येऊन यूसीडीएवढा एकच गोळा होऊ शकतो. जानेवारीत ठरवलेला एका बाजूचा कौल आज डळमळला.

२६ एप्रिल

उद्या अमावास्या. भोरच्या पुढे मावशीच्या शेतावर बाबा आणि मी, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन. पावणेअकराला एम ८७ जवळजवळ डोक्यावर होती. उत्तरा फाल्गुनीपासून हळूहळू पूर्वेला सरकत गेले. करड्या कापसाचा गोळा, मध्ये जरा उजळ. यूसीडी यात दिसणं शक्यच नाही, पण ज्या खळ्यावर मळणी होते ते खळं तरी डोळ्यांनी पाहिलं.

पावणेबाराला दक्षिणेकडे, डोंगराच्या वर जेमतेम, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ. आपल्याकडून तो २४ अंशांच्या वर चढतच नाही. दुर्बिणीत लावल्यावर बाबा एकदम गप्प झाले. सुमारे एक कोटी तारे, सतरा-अठरा हजार प्रकाशवर्षांवर. मी सांगितलं की, हा गुच्छ बहुधा गुच्छ नाहीच. यातले तारे एका पिढीचे नाहीत. आणि गेल्या जुलैत हबलच्या वीस वर्षांच्या पाचशेहून जास्त फोटोंवरून मध्यभागी सात तारे इतक्या वेगात सापडले की, त्यांना बांधून ठेवायला किमान ८२०० सूर्यांचं कृष्णविवर हवं.

"म्हणजे हा कुणाचा तरी गाभा?" बाबांनी विचारलं.

"हो. आकाशगंगेने गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचा. साल गेली, बाठा राहिला."

पहाटे तीनपर्यंत थांबलो, कारण मला एम ५४ हा दुसरा गुच्छ दाखवायचा होता. धनू राशी तोवर वर आली होती. एम ५४ दुर्बिणीत ओमेगाच्या मानाने फिका, अस्पष्ट ताऱ्यासारखा. पण तो धनूतल्या ज्या बटू दीर्घिकेच्या मध्यभागी बसलाय, ती १९९४ मध्ये सापडली आणि आज, या घडीला, आपली आकाशगंगा तिला ओरबाडते आहे. तिच्या ताऱ्यांचे पट्टे आकाशभर पसरलेत. म्हणजे एका रात्रीत, एकाच शेतातून, सोलून झालेला आणि सोलला जात असलेला असे दोन्ही गाभे बघता आले. बाबा परत येताना गाडीत म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?" मलाच आधी माहीत नव्हतं.

७ मे

वजन. सगळ्या प्रकल्पाचा कणा इथे आहे असं आता वाटतंय.

बऱ्याच जड यूसीडींचं एक कोडं जुनं आहे. ताऱ्यांच्या वेगांवरून काढलेलं वस्तुमान प्रकाशावरून काढलेल्यापेक्षा जास्त येतं. कुणी म्हणालं, तिथे जन्मलेल्या ताऱ्यांची लहान-मोठ्यांची वाटणीच निराळी असेल. कुणी कृष्ण पदार्थाचा, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या पदार्थाचा, विचार केला, पण इतक्या लहान जागेत त्याचा पुरेसा वाटा बसवणं अवघड. तिसरा पर्याय: मधोमध कृष्णविवर.

२०१४ मध्ये अनिल सेठ यांच्या गटाने हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवरून, लेसरच्या मदतीने वातावरणाची थरथर सावरत, एम ६०-यूसीडी१ च्या आतले वेग मोजले. मध्याकडे जाताना वेगांचा पसारा वाढत वाढत सेकंदाला १०० किमीच्या वर जातो. त्यातून निघालं २.१ कोटी सूर्यांचं कृष्णविवर, म्हणजे संपूर्ण वस्तूच्या सुमारे १५ टक्के. आपल्या आकाशगंगेचं कृष्णविवर याच्या पाचव्या हिश्शाचं, आणि आकाशगंगा केवढी!

मॅडमची अट पाळून एक आकडा काढला. संपूर्ण वस्तूच्या वेगांचा पसारा सुमारे ६९ किमी धरला, तर कृष्णविवराची सत्ता १९ पार्सेकपर्यंत चालते. २४ पार्सेकच्या गोळ्यात १९! आकाशात ती ०.२४ विकला होते, म्हणजे जेमिनीला ते दिसणं शक्य होतं. आकडा जुळल्यावर वहीत त्याच्याभोवती चौकट केली.

असं कृष्णविवर तारकागुच्छात वाढण्याची वाट ठाऊक नाही. मोठ्या दीर्घिकेच्या मध्यात मात्र ते नेहमीचं. म्हणून अंदाज असा की, ही दीर्घिका मूळची दहा अब्ज सूर्यांच्या घरातली होती. २०१७ मध्ये कन्या समूहातल्याच व्हीयूसीडी३ आणि एम५९सीओ यांत, २०१८ मध्ये फोर्नॅक्सच्या यूसीडी३ मध्येही अशी कृष्णविवरं सापडली. पण त्याच वर्षी सेंटॉरस ए जवळच्या दोन यूसीडी तशाच पद्धतीने तपासल्या, आणि तिथे सापडलं नाही. ही दुसरी बातमी माझ्या टिपणांत पहिल्या बातमीइतक्याच ठळक अक्षरांत लिहिली आहे.

२१ मे

वळवाने वीज गेली. बॅकअप नव्हता. संगणकावर मळणी घडवून बघण्याच्या सिम्युलेशनचे सोळा तास गेले. आता दर अर्ध्या तासाला स्थिती साठवायची सोय केली आहे.

४ जून

सिम्युलेशन पुरं झालं. वीस हजार कण, एम ८७ चं स्थिर गुरुत्वक्षेत्र, एक केंद्रकवाली बटू दीर्घिका. लॅपटॉपवर याहून जास्त झेपलं नसतं.

५० किलोपार्सेकवरची गोल कक्षा: दीर्घिका जराशी उसवते, पण ओळखू येते. लांबट कक्षा, जी दर फेरीत १० किलोपार्सेकपर्यंत आत येते: प्रत्येक जवळिकीत पुढे एक आणि मागे एक असे ताऱ्यांचे शेव निघतात आणि शेवटी मध्यावर टणक ठिपका उरतो. पाडव्याची तीन ओळींची गणितं पडद्यावर हलताना बघत होते.

मग कृष्ण पदार्थाचं आवरण मध्याकडे टोकदार करून पाहिलं. तसं केलं की दीर्घिका चिवट होते, सहजी सोलली जात नाही. बेक्की यांच्या गटाला २००३ मध्ये हेच आढळलं होतं. म्हणजे मळणी होते, पण प्रत्येक कणसाची नाही. कक्षा लांबट हवी आणि आवरणाचा मध्य सैल हवा.

मधल्या अवस्थेचे, अर्धवट सोललेले नमुने खऱ्या आकाशातही आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कन्या समूहातल्या अशा १०६ दीर्घिकांची मालिकाच प्रसिद्ध झाली: काहींभोवती अंधूक झगा अजून आहे, काहींचा जवळजवळ गेला आहे. माझ्या पडद्यावरची चित्रं आणि त्यांची चित्रं शेजारी ठेवून मॅडमना दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ही दोन पानं समोरासमोर छाप."

२४ जून

काल चिलीतल्या नव्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं आली. त्यात कन्या समूहाच्या दक्षिण भागाचं एक आहे, ३२०० मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं. रात्री एकपर्यंत मोठं करून करून बघत बसले. एक कोटीच्या आसपास दीर्घिका आहेत म्हणतात त्यात. मी मात्र ताऱ्यांसारखे ठिपकेच बघत होते.

प्रबंध परवा द्यायचा आहे. जानेवारीत ठरवलेला कौल दिलेला नाही. शेवटच्या तक्त्यात तीन रकाने आहेत. "केंद्रक" खाली एम ६०-यूसीडी१, व्हीयूसीडी३, एम५९सीओ, फोर्नॅक्स यूसीडी३. "गुच्छ" खाली डब्ल्यू३, समूहातला नसला तरी. बाकी सगळी नावं "ठरत नाही" खाली, आणि तो रकाना दोन पानं चालतो. एक कोटी सूर्यांच्या वरच्या वजनदार यूसीडी बहुतांशी केंद्रकं असाव्यात आणि हलक्या बहुतांशी गुच्छ, असं मोठ्या गणनांवरून दिसतं. पण "बहुतांशी" हा शब्द एकेका नावासमोर लिहिता येत नाही. तिथे आतल्या ताऱ्यांचे वेगच मोजावे लागतात.

तिसरा रकाना फार लांब दिसतो, आटोपता घेऊ का, असं मॅडमना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. उलट त्या रकान्यातली नावं तेजस्वितेनुसार लावायला सांगितली, म्हणजे पुढच्या वर्षी जो कुणी हे काम उचलेल त्याला वर्णपट कुणाचा आधी मिळू शकेल ते कळेल. आज रात्री तेवढं लावून ठेवते.